जहाजबांधणीचे उस्ताद जमशेटजी बमनजी वाडिया

ज्या मुलखात वारणा आणि पंचगंगा यांच्यापलीकडे मोठे पाणी दृष्टीस पडत नाही, त्या हातकणंगले तालुक्यातील विद्यार्थ्यांस जहाजे बांधणाऱ्या पुरुषाचे चरित्र सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. पूल होण्यापूर्वी आपल्याकडे पाण्यावर चालणारे वाहन म्हणजे उतारावरची नाव. तीवर दहापाच माणसे, एखादे जनावर व धान्याची पोती चढली की ती भरली. तथापि या चरित्रात जो मुख्य प्रश्न आहे तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरीही उद्भवलेला आहे. नवी बैलगाडी करावयाची झाली म्हणजे घरचा कर्ता पुरुष सुतार निवडी, बाभळीचे लाकूड स्वतः पारखी, आणि काम चालू असता चार वेळा सुताराच्या अंगणात जाऊन बसे. चाकाचा आरा सैल वाटला तर तेथल्या तेथे बोलून दाखवी. आता अशी कल्पना करा की, तो सुतार सहा महिन्यांच्या वाटेवर राहतो. त्याचे तोंड आपण पाहिलेले नाही. त्याची भाषा, धर्म व देश निराळे आहेत. आणि त्याच्याकडून करवून घ्यावयाची वस्तू गाडी नसून चौऱ्याहत्तर तोफांचे लढाऊ जहाज आहे, ज्याचा एक सांधा उसवला तर पाचसहाशे माणसे समुद्राच्या तळाशी जातील. अशा कारागिरावर भरवसा टाकावा की नाही? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या आरमार खात्यापुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि ज्यांच्यावर तो भरवसा टाकला गेला त्यांचे नाव जमशेटजी बमनजी वाडिया.

परका कारागीर निवडण्यात धोका असतो हे आपल्या महाराष्ट्रास त्याच्या पुष्कळ आधी कळून चुकले होते. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवछत्रपतींनी तेथील खाडीकाठी लढाऊ गलबते बांधण्यास आरंभ केला. या कामी रुई लेताव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज उस्ताद व त्याच्या हाताखालची सुमारे तीनशे चाळीस माणसे लावलेली होती. ही गलबते उद्या आपल्यावरच चालून येतील, अशी धास्ती वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस पडली. त्यांनी १६५९ च्या सुमारास या मंडळींस गुप्तपणे वळवून घेतले, आणि ती काम अर्धवट टाकून निघून गेली. महाराजांचे काम त्यामुळे अडून राहिले नाही. देशी लोकांच्या हातून आरमार वाढत गेले, व १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः त्या आरमारातून बसरूरच्या स्वारीस गेले. तरी एक गोष्ट त्या प्रसंगाने स्पष्ट केली. कारागिराचा हात कितीही तयार असो, तो कोणाच्या शब्दाने बांधलेला आहे हे आधी पाहावे लागते.

जमशेटजींच्या घराण्याची कथा नेमकी येथूनच सुरू होते. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी हे सुरतेस धनजीभाई नावाच्या नामांकित जहाज बांधणाऱ्याकडे मुकादम होते. इ. स. १७३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुंबईच्या बंदरावरील डडली नावाच्या अधिकाऱ्यास एक जहाज बांधवून घेण्यासाठी सुरतेस पाठविले. जहाज तयार होत असता डडलीचे लक्ष मालकापेक्षा मुकादमाकडेच अधिक जाऊ लागले. मुंबईस कंपनी नवी गोदी उभारण्याच्या विचारात होती. तेव्हा लवजींनी तेथे चलावे असा आग्रह त्याने धरला. पगार वाढणार होता आणि मान वाढणार होता. परंतु लवजींनी धन्याच्या अनुमतीवाचून पाऊल उचलण्याचे नाकारले. मला वाटते, डडलीची निवड खरी ठरली ती याच नकारामुळे. जो जुन्या धन्यास न विचारता येत नाही तो उद्या आपल्यासही न सांगता जाणार नाही, हे त्या अनुभवी मनुष्यास उमगले असले पाहिजे. अखेर धनजीभाईंची संमती मिळाली, आणि १७३६ साली थोडे सुतार बरोबर घेऊन लवजी मुंबईस आले. लगेच त्यांना उत्तरेकडील जंगलात सागवानाचा सौदा करण्यासाठी पाठविण्यात आले, आणि तेही काम त्यांनी चोख केले. १७५० मध्ये मुंबईस सुकी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, दार लावावयाचे, पाणी काढून टाकावयाचे, म्हणजे जहाजाचा तळ कोरड्या जागेत उघडा पडतो व त्याची दुरुस्ती करता येते. आशिया खंडात युरोपीय पद्धतीची अशी ही पहिलीच गोदी होती. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. धंद्यावरून पडलेले हे नाव पुढे घराण्याचे आडनाव होऊन बसले.

१७७१ साली लवजींनी आपले दोन नातू गोदीत आणले. थोरल्या मुलाचा, माणेकजींचा, पुत्र फ्रामजी, आणि धाकट्या बमनजींचा पुत्र जमशेटजी. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. गोदीच्या मुख्य मिस्त्रीचे हे नातू. त्यांना कचेरीत गादीवर बसवून हिशेब शिकविता आला असता. लवजींनी त्यांना दरमहा बारा रुपयांचे साधे सुतार म्हणून कामास लावले. हातात तासणी व पटाशी, डोक्यावर मुंबईचे ऊन, आणि बरोबरीला इतर सुतारांचा जथा. लाकूड कोठे गाठाळ आहे, कोणत्या फांदीचा बाक कोणत्या बरगडीस लागेल, ओले सागवान वाळल्यावर किती आकसेल, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. तीन वर्षांनी, १७७४ त, लवजी वारले. जवळजवळ चाळीस वर्षे लक्षावधी रुपयांचे लाकूड व सामान त्यांच्या हातून गेले होते; पण त्यांच्यामागे निघाले ते एक घर व वीस हजारांच्या आतली रोकड. बंदरावरील नोकरीत लोक कसे धनवान होत असत हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याचे मोल कळेल.

लवजींच्या मागे माणेकजी व बमनजी यांनी गोदी सांभाळली. बमनजी १७९० त आणि माणेकजी १७९२ त वारले. नंतर काम दोघां चुलतभावांवर, फ्रामजी व जमशेटजी यांच्यावर आले. १८०४ साली फ्रामजीही गेले आणि जमशेटजी एकटे मुख्य मिस्त्री राहिले.

इकडे युरोपात फ्रान्सशी युद्ध पेटलेले होते. चौऱ्याहत्तर तोफांचे एक जहाज बांधण्यास सुमारे दोन हजार जुने ओकवृक्ष लागत. असा वृक्ष पुरा वाढण्यास शंभर वर्षे जावी लागतात, तो तोडण्यास एक दिवस पुरतो. इंग्लंडातील ओकची राने विरळ होत चालली तेव्हा आरमार खात्याची दृष्टी हिंदुस्थानातील सागवानाकडे वळली. सागवानाचे गुण खलाशांस पूर्वीपासून ठाऊक होते. ओकच्या लाकडात एक प्रकारचा आंबट तुरटपणा असतो, त्याने लोखंडी खिळे गंजतात. सागवानात तेल असते, ते उलट खिळ्यांचे रक्षण करते. ओकचे जहाज दहापंधरा वर्षांत कुजू लागे, सागवानी जहाज तिप्पट-चौपट काळ टिके. लाकडाविषयी म्हणून शंका नव्हती. शंका होती ती माणसांविषयी.

१८०२ साली राजाच्या आरमारासाठी मुंबईस लढाऊ जहाजे बांधावी असे ठरले. पहिला विचार असा होता की, इंग्लंडातून एखादा उस्ताद पाठवून त्याच्या देखरेखीखाली हे काम करवावे. व्यापारी जहाज निराळे आणि लढाऊ जहाज निराळे. तोफांचा भार, बार काढताना बसणारा धक्का, तीन तीन डोलकाठ्यांचा ताण, हे सर्व सोसणारी वस्तू देशी मिस्त्रीच्या एकट्याच्या हाती कशी द्यावी, ही भीती होती. तिला निव्वळ गर्विष्ठपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. आपणही गाडीच्या बाबतीत हेच केले असते. परंतु मुंबईहून जमशेटजींच्या कामाविषयी जी माहिती विलायतेस पोहोचत होती ती वाचून आरमार खात्याने आपला विचार फिरविला. बाहेरून कोणास पाठवावयाचे नाही, जमशेटजींसच मुख्य ठेवावयाचे, असा निर्णय झाला. गिऱ्हाइकाने न पाहिलेल्या कारागिरावर एवढे मोठे ओझे टाकल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात सहसा सापडणार नाही.

त्याचे पहिले फळ १८०५ च्या आरंभी समुद्रावर आले. पिट नावाची ती छत्तीस तोफांची लढाऊ नौका. पुढे तिला साल्सेट म्हणजे साष्टी हे नाव मिळाले. इंग्लंडच्या आरमारात सागवानाचे बांधलेले हे पहिले जहाज होय. मुंबईच्या उष्ण पाण्यात जन्मलेली ही नौका १८०८-०९ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील बाल्टिक समुद्रात बर्फात अडकून पडली, आणि तरीही वाचली. पुढे १८१० च्या मे महिन्यात ती दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत नांगरून असता तिच्यावरील एक इंग्रज प्रवासी ती सामुद्रधुनी पोहून गेला. तो प्रवासी म्हणजे कवी बायरन. अर्थात पोहण्याचे श्रेय जमशेटजींचे नव्हे!

आता काम कसे चाले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण दूरच्या गिऱ्हाइकाचा व कारागिराचा खरा संबंध कामातच दिसतो. लंडनहून जहाजाचा नकाशा येई. तो एका फुटास पाव इंच या प्रमाणात काढलेला असे. म्हणजे पावणेदोनशे फुटांचे जहाज पावणेचार फुटांच्या कागदावर मावे. तो नकाशा मोठ्या दालनाच्या लाकडी जमिनीवर खऱ्या मापाने पुन्हा काढावयाचा, व त्यावरून प्रत्येक बरगडीचा पातळ फळ्यांचा साचा कापावयाचा. कागदावरील एका केसाएवढी चूक येथे बोटाएवढी होते. आपल्या पवित्रशास्त्राच्या तासास विद्यार्थ्यांनी नोहाच्या तारवाची गोष्ट ऐकली आहे. त्यालाही लांबी, रुंदी व उंची नेमून मिळाली होती, पण लाकूड निवडणे, तासणे व जोडणे त्याचे त्यालाच करावे लागले. जमशेटजींचे तसेच होते. माप लंडनचे, लाकडाचा निवाडा त्यांचा.

ते लाकूड मुख्यतः मलबारच्या रानातून येई. सागाचे झाड तोडण्यापूर्वी त्याच्या बुंध्याभोवती साल व वरचे लाकूड कापून एक कडे करावयाचे, आणि दोनएक वर्षे झाड उभेच वाळू द्यावयाचे. कारण ओले सागवान पाण्यावर तरंगत नाही. नंतर ते पाडून हत्तींकडून नदीपर्यंत ओढावयाचे, पावसाळ्याच्या पुरात समुद्राकडे सोडावयाचे, आणि तेथून गलबतांनी मुंबईस आणावयाचे. आरमाराची ही भूक एवढी वाढली की, १८०६ साली कंपनीने मलबारात वॉटसन नावाचा अधिकारी जंगलांवर नेमला आणि सागवानावर आपला मक्ता बसविला. त्यामुळे तेथील जमीनमालक व व्यापारी यांची फार ओढाताण झाली व तक्रारी वाढल्या. अखेर १८२३ मध्ये ती नेमणूकच काढून टाकावी लागली. जहाजांची शोभा पाहताना या बाजूकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. मुंबईच्या गोदीत जी बरगडी उभी राहिली तिच्यामागे कोणाच्या तरी रानातले झाड होते.

गोदीतले सांधकाम हे मुंबईचे वैशिष्ट्य होते. इतरत्र फळीला फळी नुसती भिडवून मधली फट दोरखंडाच्या धाग्यांनी बुजवीत. आपल्याकडील जुन्या रीतीत एका फळीच्या कडेस खाच पाडून तीत दुसऱ्या फळीची कड बसवीत, मध्ये कापूस व राळ घालीत, आणि सांधा असा मिटे की तो शोधूनही सापडू नये. या कामास वेळ व हात दोन्ही फार लागत. गिऱ्हाईक घाईत असता असा वेळ लावण्यास धैर्य लागते.

इ. स. १८१० त डंकन गोदी पुरी झाली. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. त्याच वर्षी १९ जून रोजी मिंडेन हे चौऱ्याहत्तर तोफांचे जहाज मुंबईस पाण्यावर तरंगले. ब्रिटिश बेटांबाहेर बांधले गेलेले इंग्लंडच्या आरमारातील हे पहिलेच एवढ्या दर्जाचे जहाज. पहिल्या प्रतीच्या युद्धनौकांच्या रांगेत उभे राहून लढणारे हे जहाज आरंभापासून शेवटपर्यंत पारशी उस्तादांच्या हाताखाली तयार झाले. पिट नौकेने शंका कमी केली होती, मिंडेनने ती उरू दिली नाही.

यानंतर मागण्या एकामागून एक येऊ लागल्या, आणि येथेच दूरदेशीच्या व्यवहाराची खरी अडचण उघडी पडली. १८१२ साली इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले. त्या वर्षाच्या अखेरीस जावा नावाची इंग्रजी लढाऊ नौका मुंबईच्या वाटेवर होती. तीवर मुंबईचे नेमलेले गव्हर्नर हिस्लॉप साहेब होते, नव्या जहाजांच्या तळास ठोकण्याचे तांबे होते, आणि जमशेटजींनी ज्यांवरून काम करावयाचे ते नकाशेही होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या नौकेने तिला गाठले. काही तासांत जावाच्या डोलकाठ्या कोसळल्या, ती शरण आली, आणि विजेत्यांनी ती जाळून टाकली. मुंबईस लाकूड वाळून पडलेले, सुतार हजर, गोदी रिकामी. आणि ज्यावरून बांधावयाचे तो कागद पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास नष्ट झालेला. ही वार्ता लंडनला पोहोचावी, तेथे नव्या प्रती काढाव्या, आणि त्या पुन्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईस याव्या, यात किती काळ जाईल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुबळा कारागीर हात जोडून बसला असता. मुंबईस त्या वेळी कॉर्नवॉलिस हे चौऱ्याहत्तर तोफांचे दुसरे जहाज बांधून होत आले होते. ते १८१३ च्या मे महिन्यात पाण्यात उतरले. पुढचे जहाज, वेलस्ली, निराळ्या नकाशावरून व्हावयाचे होते. तो नकाशा गेला, तेव्हा कॉर्नवॉलिसच्याच रेषा पुन्हा उपयोगात आणून ते बांधण्यात आले, व २४ फेब्रुवारी १८१५ रोजी तेही पाण्यावर आले. नकाशावाचून काम अडले नाही याचे कारण असे की, नकाशाचे मर्म तोपर्यंत गोदीतल्या हातांत उतरलेले होते. आणि आरमार खात्यानेही हा बदल मान्य केला. शहाण्या गिऱ्हाइकाचे लक्षण तेच.

या दोनतीन वर्षांत आपल्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या जाता जाता नमूद करतो. १८१२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूर संस्थानाने इंग्रजांशी तह करून मालवणचा किल्ला व बंदर त्यांच्या स्वाधीन केले, आणि लढाऊ गलबते बाळगण्याचा आपला हक्क सोडला. अर्थात ज्या सुमारास मुंबईस कॉर्नवॉलिसच्या फळ्या जडवल्या जात होत्या त्याच सुमारास करवीरकरांचा समुद्राशी असलेला संबंध संपला. दुसरी गोष्ट आपल्यासारख्या मिशन शाळेस जवळची आहे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या देशाशी युद्ध चालू असल्यामुळे सरकारने त्यांना परत पाठविण्याचा घाट घातला. बऱ्याच खटपटीनंतर त्यांना राहू देण्यात आले, व पश्चिम हिंदुस्थानातील अमेरिकन मिशनचे कार्य तेथून सुरू झाले. मराठी मुलुखात शाळा काढणारे हे पाहुणे आणि जावावरील नकाशे जाळणारे खलाशी एकाच देशाचे.

बुडालेल्या नकाशांतील एक त्रिंकोमाली या फ्रिगेट जातीच्या नौकेचा होता. त्याची दुसरी प्रत आली, तरी गोदीत इतर कामे असल्यामुळे तिची पायाभरणी १८१६ पर्यंत लांबली. जहाजाचा पाया म्हणजे त्याच्या तळाचा कणा. तो मांडताना पारशी धर्माच्या विधीप्रमाणे प्रार्थना झाली, आणि जमशेटजींनी आपल्या हाताने कण्यात एक चांदीचा खिळा ठोकला. इंग्लंडच्या राजाचे जहाज, मलबारचे लाकूड, इराणातून आलेल्या धर्माचा मंत्र, आणि ठोकणारा हात एका काळच्या बारा रुपयांच्या सुताराचा. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ही नौका पाण्यात उतरली, आणि १८१९ च्या एप्रिलात पोर्टस्मथ येथे पोहोचली. तोपर्यंत नेपोलियन सेंट हेलेना बेटावर बंदीत पडला होता आणि लढाऊ नौकांची गरज सरली होती. म्हणून पुढील पाव शतक ही नवी कोरी नौका बंदरात नुसती बांधून ठेवण्यात आली.

जमशेटजींच्या या यशाने इंग्लंडात सर्वांस आनंदच झाला असे मात्र समजू नये. हिंदुस्थानात बांधलेली व्यापारी जहाजे थेम्स नदीत माल घेऊन येऊ लागली तेव्हापासून लंडनचे जहाज बांधणारे अस्वस्थ होते. परदेशच्या सुतारांनी आमच्या सुतारांच्या पोटावर पाय आणला, अशी ओरड त्यांनी चालविली होती. १८१४-१५ च्या सुमारास पार्लमेंटने जे कायदे केले त्यांनी हिंदी जहाजांस व त्यांवरील हिंदी खलाशांस पूर्वीची मोकळीक ठेवली नाही. ब्रिटिश जहाज म्हणून मान्यता हवी तर त्यावरील बहुतेक खलाशी ब्रिटिशच असले पाहिजेत, असा दंडक आला, आणि हिंदी खलाशी त्या गणतीत धरले जात ना. गंमत अशी की, आरमार खाते त्याच वेळी जमशेटजींकडून जहाजे बांधवून घेत होते. एका हाताने काम द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने धंद्याची वाट अरुंद करावयाची, हा प्रकार न्यायाचा होता असे कोणासही म्हणता येणार नाही. जमशेटजींस मानसन्मान मिळाले, कंपनीकडून चांदीची फूटपट्टी मिळाली; परंतु ज्या धंद्याचे ते शिरोमणी होते त्या धंद्याचे भवितव्य त्यांच्या हाती नव्हते.

ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात त्यांचे एक तैलचित्र आहे. अंगावर पांढराशुभ्र पारशी झगा, डोक्यास पगडी, हाताशी जहाजाचा नकाशा, आणि कमरबंदात खोचलेली ती चांदीची फूटपट्टी. पाठीमागे एक जहाज दिसते. मुद्रा शांत आहे. श्रीमंतांच्या चित्रांत दिसणारे दागदागिने येथे नाहीत. अंगावर मिरविलेली एकच वस्तू आहे, ती मोजण्याची.

१८२१ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जमशेटजी निवर्तले. त्या वेळी गोदीत चौऱ्याऐंशी तोफांचे गँजेस हे जहाज उभे होते. दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, ते पाण्यात गेले. बांधणाऱ्याने ते तरंगताना पाहिले नाही. त्यांचे पुत्र नवरोजी जमशेटजी यांनी काम पुढे चालविले. त्यांच्या कारकीर्दीत १८२४ मध्ये तयार झालेले एशिया हे जहाज १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे मुख्य जहाज होते. नवरोजींचे पुत्र जहांगीर हे आपले आप्त हिरजीभाई मेरवानजी यांच्यासह १८३८ साली विलायतेस गेले. तेथील सरकारी गोद्यांत राहून त्यांनी वाफेच्या युगातील नवी जहाजविद्या अभ्यासिली आणि आपल्या प्रवासाचे पुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. लवजींपासून पुढे या घराण्याच्या हातून एकंदर सुमारे साडेतीनशे जहाजे झाली असे मानतात. पुढे लोखंड आले, वाफ आली, आणि लाकडी जहाजांचा काळ मावळला.

जमशेटजींची जहाजे मात्र त्यांच्यामागे फार दिवस जगली. कॉर्नवॉलिसच्या कक्षात २९ ऑगस्ट १८४२ रोजी इंग्लंड व चीन यांच्यातील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या, आणि हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेले. अफूच्या त्या युद्धाचा अभिमान कोणी बाळगावा असे ते युद्ध नव्हते. जहाजाचा त्यात दोष नाही. वेलस्लीने १८३९ मध्ये कराचीच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. म्हातारपणी ते थेम्स नदीत शिकाऊ मुलांची शाळा होऊन राहिले होते. तेथे १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांचा बाँब त्यावर पडला आणि ते बुडाले. तेव्हा त्याचे वय सव्वाशे वर्षांचे होते. जुन्या शिडाच्या युद्धनौकांपैकी विमानाच्या हल्ल्यात बुडालेली एवढीच एक. तिच्या नाळेवरील कोरीव मुखवटा चॅटम येथील जुन्या गोदीत जपून ठेवलेला आहे.

आणि त्रिंकोमाली, जिचा नकाशा ब्राझीलजवळ नाहीसा झाला, जी तयार झाली तेव्हा कोणास नको होती, ती पुढे पॅसिफिक महासागरात व अमेरिकेच्या किनाऱ्यावर पहारा देऊन आली, नंतर नाव बदलून कित्येक दशके मुलांना खलाशाचे शिक्षण देत राहिली, आणि १९८७ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आणून तिची डागडुजी करण्यात आली. ब्रिटनमध्ये पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका आज तीच आहे. तिच्या सांगाड्यात मुंबईस तासलेले सागवान अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि तिकीट काढून आत जाणाऱ्या मुलांना त्यावरून हात फिरविता येतो.